मदत हवी आहे : शेजारच्या घरातल्या मारहाणीबद्दल पोलिसांना फोन नेमका कधी करावा?

तीन आठवड्यांत चार वेळा शेजारून आरडाओरडा, वस्तू आपटल्याचे आवाज, एकदा लहान मुलाची किंकाळी. तारीख, वेळ, किती मिनिटं चाललं आणि ऐकू आलेले शब्द वहीत जसेच्या तसे टिपले आहेत. दोनदा काहीतरी निमित्त काढून बेल वाजवली. आवाज तेवढ्यापुरता थांबला. शेजारीण एकटी असताना तिला विचारलं, तर म्हणाली, ‘पोलीस नकोत, नंतर जास्त त्रास होतो.’

‘वाचवा’ अशी हाक, हत्यार, गळा दाबणं किंवा गोंधळानंतर एकदम शांतता असेल, तर तिला न विचारता लगेच फोन करायचा, हे नक्की आहे. (गळा दाबल्याची खूण बाहेरून दिसतेच असं नाही, तरी धोका मोठा असतो.) आधी पत्ता आणि मजला सांगायचा, मग काय चालू आहे ते, हेही माहीत आहे.

अडलंय ते मधल्या प्रसंगांत. भिंत सामायिक, त्यामुळे नाव लपवलं तरी फोन कुणी केला हे मारणाऱ्याला कळणारच. मध्ये पडून समजावण्याचा सल्ला कृपया नको.

नुसते आपटण्याचे आवाज आहेत, शब्द कळत नाहीत, मूल घरातच आहे, अशा वेळी आवाज चालू असतानाच फोन करावा की आधी तिच्याशी खुणेचा शब्द ठरवावा? आणि पोलीस येऊन गेल्यावर राग तिच्यावर निघू नये म्हणून फोनवरच त्यांना काय सांगून ठेवावं?