चुन्याच्या पिंपात अभिक्रियाकारक कोण आणि उत्पादित कोण?

पडवीवाली: दसऱ्याआधी मागच्या पडवीला चुना मारायला काढलाय. दहावीतला लेक वही घेऊन पिंपाशेजारी बसला. कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं, खदखदून वाफा आल्या. पठ्ठ्याने लिहिलं: अभिक्रियाकारक – चुना, पाणी, नीळ, डिंक. उत्पादित – पांढरा रंग, वाफ. नीळ-डिंक चूक हे कळतं, पण का ते सांगता येईना. "पिंपात टाकलंय ना आपण?" म्हणतो!

जुनामास्तर: ताई, पोरगं पिंपात डोकावलं हेच मोठं. त्याला म्हणावं, काय टाकलं ते सोड, बदललं कोण ते बघ. बदलतो तो अभिक्रियाकारक, बदलून नवा होतो तो उत्पादित. नीळ नीळच राहिली, डिंक डिंकच. वाफ म्हणजे तापलेलं पाणीच, नवा पदार्थ नव्हे. पाणीसुद्धा सगळं लागत नाही. ५६ ग्रॅम कळीच्या चुन्याला १८ ग्रॅम पुरतं, ७४ ग्रॅम विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, होतो. उरलेलं नुसतं पातळ करायला.

आता भिंतीकडे चला. तिथे जो अभिक्रियाकारक आहे तो तुम्ही पिंपात टाकलाच नव्हता: हवेतला कार्बन डायऑक्साइड.

विरलेला चुना + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शियम कार्बोनेट + पाणी

दोन-तीन दिवसांत भिंतीला चकाकी येते ती या कार्बोनेटची. आणि ७४ ग्रॅममागे पाणी सुटतं बरोबर १८ ग्रॅम! पिंपातल्या समीकरणात ते डावीकडे होतं, भिंतीवरच्या समीकरणात उजवीकडे आलं.

शेगडीबहाद्दर: अरे देवा! आमच्याकडे गिलावा लवकर वाळावा म्हणून रंगाऱ्याने खोलीत कोळशाची शेगडी ठेवली, तर भिंतींना उलट घाम फुटला. चुन्याचाच गिलावा होता. आम्ही बिचाऱ्याला बोल बोल बोललो.

जुनामास्तर: शेगडीने कार्बन डायऑक्साइड भरपूर पुरवला, मग पाणीही भराभर सुटलं. पण बंद खोलीत शेगडी नको हो, कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो.

पडवीवाली: नीळ-डिंक खोडले त्याने. आता विचारतोय, पिंप एवढं तापलं, मग उष्णता उत्पादितांत धरायची का?

जुनामास्तर: समीकरणात उजवीकडे '+ उष्णता' लिहू दे, पण ती पदार्थ नाही. उत्पादित विचारलं तर एकच नाव, कॅल्शियम हायड्रॉक्साइड. आणि चुना विरताना त्याला चार हात लांब बसवा. डोळ्यात थेंब उडाला तर महागात पडेल.