एवढा बर्फ टाकायचा कुठे? बॉस्टनचा २०१५चा हिवाळा : तुमचे अनुभव लिहा

जानेवारी २०१५चा तिसरा आठवडा संपत आला तरी बॉस्टनमध्ये जेमतेम पाच-सहा इंच बर्फ झाला होता. यंदाचा हिवाळा हलका जाणार, असं जो तो म्हणत होता. मग २६ तारखेच्या रात्री पहिलं मोठं वादळ आलं. लोगन विमानतळावर २४.६ इंच, वूस्टरला ३४.५ इंच. ते आवरेपर्यंत दुसरं, मग तिसरं. एकट्या फेब्रुवारीत बॉस्टनला ६४.८ इंच बर्फ पडला. १५ मार्चला १९९५-९६चा १०७.६ इंचांचा विक्रम मोडला आणि मोसमाचा आकडा १०८.६वर गेला. तेव्हा इथली अख्ख्या हिवाळ्याची सरासरी साधारण ४४ इंच होती.

आकडे कुठेही सापडतील. माणसांचं काय झालं, ते मात्र आपणच लिहून ठेवायला हवं. तेव्हाची बरीच मंडळी आता दुसऱ्या गावांना गेली आणि नव्याने आलेल्यांना हे सगळं सांगोवांगीच माहीत आहे. म्हणून हा धागा.

माझ्यापासून सुरुवात करते. आर्लिंग्टनला आमचा ड्राइव्हवे अरुंद आहे, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. पहिल्या वादळाचा बर्फ कडेला लावला. दुसऱ्याचा त्याच्यावर. फेब्रुवारीत पारा शून्याच्या वर जाईचना, त्यामुळे मधल्या दिवसांत काही वितळलंच नाही. तिसऱ्या वेळी ढीग माझ्या डोक्याच्या वर गेलेले. फावडं भरून खांद्यावरून वर भिरकवायचं, त्यातला निम्मा घसरून परत पायाशी. दोन तासांनी वाट मोकळी झाली की रस्त्यावरून प्लाऊ (बर्फ कडेला ढकलणारी गाडी) जायचा आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी करड्या, दगडासारख्या ढेकळांचा बांध घालून जायचा. तो फावड्याने हलत नसे, आधी कुदळीने फोडावा लागे. बर्फ पडतो ते मला अजूनही आवडतं. पण त्या वर्षी रोज एकच प्रश्न डोक्यात असायचा : आता हा टाकायचा कुठे?

तुमचंही लिहा. लहानसं असलं तरी चालेल. नाव नको असेल तर नुसतं गाव टाका.

डॉर्चेस्टर

मी लाँगवूडच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. २६ तारखेला मॅसॅच्युसेट्सचे तेव्हाचे गव्हर्नर बेकर यांनी मध्यरात्रीपासून राज्यात गाडी चालवायला बंदी जाहीर केली. आम्हाला त्यातून सूट होती, पण गाडी निघणार कशी? म्हणून संध्याकाळीच कपडे घेऊन कामावर गेले आणि तिथेच राहिले. सभागृहात खाटा मांडल्या होत्या. एकीची पाळी संपली की ती झोपायची आणि तिच्या जागेवरून उठलेली कामाला लागायची. त्या दोन रात्री कुणीही कुरकुर केली नाही, हे मला मुद्दाम लिहायचं आहे.

परत आले तेव्हा मला काळजी होती गाडी लावायच्या जागेची. बॉस्टनमध्ये ज्याने खणून जागा मोकळी केली त्याने तिथे खुर्ची, रस्त्यावरचा कोन (शंकू), पिंप असं काहीतरी ठेवायचं, अशी रीत आहे. पालिकाही स्नो इमर्जन्सी (मोठ्या बर्फात जाहीर होणारी आणीबाणी) उठल्यानंतर ४८ तास ते चालवून घेते. (साउथ एंडमध्ये नाही, तिथल्या रहिवाशांनी ही पद्धत बंद केली.) या खुर्च्यांवरून हाणामाऱ्या होतात, टायर फाडले जातात. मी तर खणलंही नव्हतं आणि खुर्चीही ठेवली नव्हती. येऊन पाहते तर घरासमोर एका गाडीची जागा कातून काढल्यासारखी स्वच्छ, आणि मधे समोरच्या आयरिश आजोबांची स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची. ते खिडकीत बसून राखण करत होते. मला पाहिल्यावर खाली उतरले, खुर्ची उचलली आणि ‘नर्सला गाडी लावायला जागा मिळालीच पाहिजे’ एवढंच म्हणून घरात गेले. तोवर आमची ओळख हात हलवण्यापुरतीच होती.

क्विन्सी

बॉस्टन मेट्रोच्या रेड लाइनने जाणारे सगळे यावर सहमत होतील : ९ फेब्रुवारी. त्या संध्याकाळी सातपासून सगळी रेल्वे बंद, १० तारखेला अख्खा दिवस बंद. या गाड्यांना वीज मिळते ती रुळाशेजारच्या तिसऱ्या रुळातून, त्यावर बर्फाचा थर चढला की संपर्क तुटतो. शिवाय रेड लाइनवर तेव्हा १९६९-७०चे डबेही धावत होते. भुसभुशीत बर्फ त्यांच्या मोटारींत ओढला जायचा, आत वितळायचा आणि मोटारी जळायच्या. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या संध्याकाळी डाउनटाउनच्या ऑफिसात फक्त एवढंच कळत होतं की घरी जायची सोय नाही. शेजारच्या टेबलावरच्या चिनी सहकारी बाईंनी चार जणांना आपल्या घरी नेलं. चायनाटाउनमध्ये, दोन खोल्यांचं घर. त्यांच्या सासूबाईंनी एका शब्दाने विचारलं नाही, ताटं वाढली.

नाशिक (तेव्हा श्रूजबरीला लेकाकडे)

मी ज्येष्ठ आहे, टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी गेलो होतो. त्या २६ तारखेला रथसप्तमी होती. दूध उतू घालायचं ते सूर्याकडे तोंड करून, आणि आभाळ असं भरून आलेलं की पूर्व कुठली ते नातवाला फोनमध्ये बघून सांगावं लागलं. संध्याकाळी भुरभूर सुरू झाली. मी पहाटेपर्यंत खिडकीत उभी होते, इतकं सुंदर मी जन्मात पाहिलं नव्हतं. सकाळी लेकाने मागचं दार उघडलं तर दारापुढे बर्फाचीच भिंत, तिच्यावर दाराच्या कडीचा ठसा उमटलेला. मी त्या कडीच्या ठशावर बोट फिरवून पाहिलं.

पहिले आठ दिवस मौज वाटली. नंतर मात्र जीव कोंडला. ह्यांना रोज चालायची सवय, ते बेसमेंटमध्ये येरझाऱ्या घालायचे. नातवाला शाळा नाही, सुनेची मीटिंग स्वयंपाकघरात, मी कुकर लावू की नको? कुणाची चूक नव्हती, पण चिडचिड सगळ्यांचीच होत होती. एक दिवस सून म्हणाली, ‘आई, आपण दोघी बाहेर जाऊन उभ्या तरी राहू.’ तिने मला तिचे बूट घातले, दोन कोट चढवले आणि आम्ही दोघी ड्राइव्हवेवर नुसत्या उभ्या राहिलो. तिचं आणि माझं त्या पंधरा मिनिटांत जेवढं बोलणं झालं तेवढं आधी झालं नव्हतं.

फ्रेमिंगहॅम

छपराचं कुणीतरी लिहायलाच हवं, कारण घर घेताना हे कुणी सांगत नाही.

फेब्रुवारीच्या मध्यावर एका रात्री टप टप आवाज यायला लागला. जेवणघराच्या खिडकीच्या वरच्या चौकटीतून पाणी. बाहेर कडाक्याची थंडी, सगळं गोठलेलं, आणि घरात गळती! टॉर्च मारून पाहिलं तर छपराच्या कडेला बर्फाचा एक फूट जाड निळसर बांध आणि त्याला माझ्या उंचीच्या गोठलेल्या पागोळ्या. याला आइस डॅम म्हणतात. घरातली ऊब माळ्यातून छपराला लागते, बर्फाचा तळचा थर वितळतो, ते पाणी ओघळत पन्हळीपर्यंत येतं. कडेला खाली घर नसतं, म्हणून तिथे छप्पर थंडगार, पाणी तिथे गोठतं. असं होत होत बांध तयार होतो, मागून येणारं पाणी अडतं आणि शिंगल्सच्या (छपरावरच्या पातळ फरश्यांच्या) खालून उलटं घरात शिरतं. म्हणजे गळतीचं मूळ माळ्यात असतं. तिथलं इन्सुलेशन तोकडं आणि हवा खेळती नसली की हे होणारच.

त्या रात्री माळा थोडाच दुरुस्त होणार होता! शेजाऱ्याने सांगितल्याप्रमाणे बायकोच्या जुन्या स्टॉकिंग्जमध्ये कॅल्शियम क्लोराइडचे खडे भरले आणि बांधाला आडवे पडतील असे शिडीवरून ठेवले. सकाळपर्यंत तेवढ्या जागी चर पडली आणि पाणी बाहेर वाहायला लागलं. साधं मीठ वापरू नका, पन्हळी आणि झाडं दोन्ही खराब होतात. छपरावरचा बर्फ ओढायचा लांब दांड्याचा रूफ रेक कुठल्याच दुकानात शिल्लक नव्हता. आमच्या गल्लीत तो एकाकडे होता आणि तो घरोघरी फिरत होता. कुणाकडे कधी हे एका कागदावर लिहिलेलं, कागद रेकच्याच दांड्याला चिकटवलेला.

वजनाचं भान ठेवा. ताजा भुसभुशीत फूटभर बर्फ चौरस फुटाला दोन-अडीच किलो भरतो, तेवढाच ओला झाला की आठ-नऊ. त्या वर्षी राज्यात कितीतरी छपरं बसली. सपाट छपराखाली राहत असाल तर दारं अचानक अडकायला लागली, भिंतीला नवी भेग दिसली की आधी बाहेर पडा. आणि स्वतः छपरावर चढू नका.

केंब्रिज

मी तेव्हा विद्यार्थी. आमच्या पोरांना ती निव्वळ धमाल होती! लोक खिडकीतून बर्फाच्या ढिगात उड्या मारून व्हिडिओ टाकत होते, शेवटी बॉस्टनचे तेव्हाचे महापौर वॉल्श यांना पत्रकार परिषदेत हे बंद करा म्हणून सांगावं लागलं. मेडफर्डजवळ सायकलच्या वाटेवर ढीग पडला होता, तर तो उचलण्याऐवजी सायकलवाल्यांनी त्यातून बोगदाच खणला. मी त्यातून गेलो आहे. आत निळा उजेड होता आणि रस्त्याचा आवाज अजिबात येत नव्हता.

वॉटरटाउन

धमाल वाचून बरं वाटलं, पण मी त्या वेळी सातव्या महिन्यात होते. फूटपाथ मोकळा करणं हे त्या-त्या घरमालकाचं काम. बॉस्टनचा नियम तर बर्फ थांबल्यापासून तीन तासांत किमान ४२ इंच रुंद वाट करण्याचा आहे, म्हणजे व्हीलचेअर आणि बाबागाडी जाईल. आमच्याकडे काही जण काटेकोर करत. पण चार घरं साफ आणि पाचवं नाही, तर त्या चारांचा उपयोग शून्य. तिथे मला रस्त्यावर उतरावं लागे, एका बाजूला छातीएवढी बर्फाची भिंत आणि दुसऱ्या बाजूने गाड्या. बसथांबाही ढिगाच्या मागे, ड्रायव्हरला माणूस दिसत नसे. मला त्या हिवाळ्याची आठवण म्हणजे भीती. आणि राग. तो आजही आहे, आणि तो योग्य होता असंच मला वाटतं. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांच्यासाठी आधी रस्ते, चालणाऱ्यांचं नंतर बघू, असा क्रम लागतो.

नॅशुआ (आधी बॉस्टन)

आर्लिंग्टनच्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या ऑफिसच्या खिडकीतून दिसायचं. शहराने बर्फ टाकायला मोकळे भूखंड ‘स्नो फार्म’ म्हणून धरले होते, त्यातला मोठा सीपोर्ट भागात. दिवसरात्र ट्रक यायचे. बर्फ समुद्रात का नाही टाकत, असं सगळे विचारायचे. त्यात मीठ, तेल, कचरा असतो, म्हणून एरवी त्याला मनाई आहे. तो ढीग जवळपास ७५ फुटांवर गेला. उन्हाळ्यात वरचा बर्फ आटला आणि आतून सायकली, कोन, प्लास्टिक असा उकिरडा निघाला, त्याच्याच आच्छादनाखाली बाकीचा बर्फ टिकला. १४ जुलैला तो संपल्याचं महापौरांनी जाहीर केलं.

लेक्सिंग्टन

मी १९७० च्या दशकात शिकायला आलो, त्यामुळे १९७८चं वादळही पाहिलंय. ६-७ फेब्रुवारी, बॉस्टनला २७.१ इंच. बॉस्टनभोवतीच्या रूट १२८ या महामार्गावर तीन हजारांहून जास्त गाड्या अडकल्या, माणसं त्यांतच रात्र काढत होती. तेव्हा मोबाइल नव्हते, गव्हर्नर डुकाकिस स्वेटर घालून टीव्हीवर येत आणि आम्ही ते सांगतील ते ऐकायचो. आठवडाभर खासगी गाड्यांना बंदी होती. भर रस्त्यातून लोक स्कीवर सामान आणत होते. ते वादळ जास्त जीवघेणं होतं, समुद्रही किनाऱ्यावरच्या घरांत घुसला होता. पण तो एक तडाखा होता, त्यानंतर उपसत बसायचं. २०१५मध्ये उपसून झालं की पुन्हा तेच, आणि मी तोवर साठीच्या पुढे. डॉक्टरांनी फावडं धरायचं नाही म्हणून बजावलं होतं. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यात एकदम जोर लावला की हृदयावर ताण येतो. दर मोठ्या वादळानंतर इथे अशी माणसं जातात. समोरच्यांचा शाळकरी मुलगा न सांगता येऊन आमची पायरी मोकळी करून जायचा.

नॉरवूड

वर सगळं आलं, एक राहिलं. घराच्या बाजूच्या भिंतीतून घर गरम करणाऱ्या भट्टीचा व्हेंट (धूर बाहेर टाकायची नळी) बाहेर येतो, तो बर्फाने बुजला की कार्बन मोनॉक्साइड (सीओ) हा विषारी वायू घरात साठतो. त्याला वास नसतो. २००५च्या जानेवारीत प्लिमथमध्ये असाच व्हेंट बुजून सात वर्षांची एक मुलगी गेली. त्यानंतर या राज्यात घरोघरी सीओ अलार्म लावणं कायद्याने बंधनकारक झालं, त्या कायद्याला तिचंच नाव आहे. आमचा अलार्म ९ फेब्रुवारीला पहाटे वाजला. बायको मुलांना घेऊन गाडीत बसायला निघाली, मी ओरडून थांबवलं, कारण गाडीचा सायलेन्सरही बर्फात गाडलेला होता आणि इंजिन सुरू केलं असतं तर तिथेही तेच झालं असतं. सगळे शेजारच्या घरी गेलो, अग्निशमन दल आलं, त्यांनी व्हेंट उकरला. तेव्हापासून वादळ चालू असतानाच मी मधे एकदा उठून व्हेंटभोवतीचा बर्फ काढतो. ड्राइव्हवे नंतर.

वूस्टर

आम्ही गेल्याच महिन्यात हैदराबादहून आलोय, हा धागा बसून वाचला. पहिला हिवाळा. काय काय घेऊन ठेवू?

आर्लिंग्टन

वूस्टरकर, तुम्ही भाड्याच्या घरात असाल तर फूटपाथ कोणी साफ करायचा ते करारात बघा, आणि स्नो इमर्जन्सीत गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला लावायची ते आत्ताच विचारून घ्या, नाहीतर उचलून नेतात. वाकड्या दांड्याचं हलकं फावडं, कुदळ, बर्फ वितळवायचे खडे, बुटांना लावायचे काटे, सीओ अलार्मच्या बॅटऱ्या. रूफ रेक थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणाच्या) आधी घ्या, वादळाची बातमी आली की मिळत नाही. आणि डाव्या-उजव्या दोन्ही शेजाऱ्यांचे फोन नंबर घेऊन ठेवा.