गोव्यात म्हणे ‘असलं काही नाही’!

डिचोलीकर: पणजीतल्या एका वाचनमंडळाचं निमंत्रण फिरतंय. दर बुधवारी दुपारी एक ते दोन, आपापला डबा आणा, अमेरिकेतला वंशभेद आणि विषमता यांवरची पुस्तकं वाचू. इथवर झकास. पण शेवटची ओळ: ‘आपल्या गोव्यात सुदैवाने असलं काही नाही.’ डोकं सणकलं! फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. त्यांना तिकडचंही दिसलं आणि इकडचंही. माझे वडील भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, पायरीखाली उभे राहून करवंटीतून चहा प्यायचे. मुक्तीनंतरची गोष्ट ही, पोर्तुगिजांच्या काळातली नव्हे.

अमृता_फोंडा: निमंत्रण मीच लिहिलंय. एका ओळीवरून एवढं रामायण? जातीचा विषय काढला की पुढच्या बुधवारी खुर्च्या रिकाम्या. आणि तिकडचं वाचूच नये का? आंबेडकरांनीही १९४६ साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं.

डिचोलीकर: लिहिलं, ते कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागायला. इथल्या अस्पृश्यांसाठी तसंच करायचं मनात होतं म्हणून. डबा खात गप्पा मारायला नव्हे.

भाटातला_माड: आलंच भाटकाराचं नाव! माझ्या आजोबांनी माणुसकीनं मुंडकाराला, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला, आमच्या भाटात, माडांच्या बागेत, घर बांधू दिलं. १९७५ चा मुंडकार कायदा आला आणि घराबरोबर ३०० चौरस मीटरही गेले. आज त्याच मुंडकाराचे नातू वरचा मजला पर्यटकांना भाड्यानं देतात, आणि आम्ही कौलं बदलायला पैसे शोधतोय. ही विषमता दिसत नाही कुणाला!

काणकोणची_वेलीप: ‘गेले’ म्हणजे फुकट? आधी नोंद करा, मग किंमत भरा, तेव्हा कुठे मिळतं. माझ्या आत्याचा दावा मामलेदाराकडे पडून आहे. आत्या वारली, दावा जिवंत. दर तारखेला भाटकाराच्या वकिलाला ‘वेळ हवा’. पावसाआधी छप्पर शाकारायला घेतलं की तक्रार. माणुसकी म्हणे! रात्री तुमच्या माडांची राखण कोण करायचं, आणि किती पगारावर?

भाटातला_माड: तुमच्या आत्याचा राग माझ्यावर काढू नका. सगळे भाटकार राक्षस नव्हते.

काणकोणची_वेलीप: नसतील. आमच्या वाट्याला चांगले आले नाहीत एवढंच.

पर्वरीकर: अहो, विषय वंशाचा होता! २०१३ विसरलात? पर्राला नायजेरियन तरुणाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीत महामार्ग अडवला. त्यानंतर आमच्या वाड्यावरचे घरमालक रंग बघून खोल्या नाकारू लागले. तेव्हा भाटकार आणि मुंडकार कसे एकदिलानं बोलत होते! अमृताबाय, ‘असलं काही’ अगदी पुस्तकातल्यासारखंच आहे.

म्हापशेकर: आणि पुस्तकं सगळी इंग्रजीच असणार ना? दुपारी एकला बाजारातली मासळीवाली टोपली सोडून येणार का? ज्यांना जेवायची सुट्टी मिळते त्यांनी विषमतेवर बोलायचं. चालू द्या.

अमृता_फोंडा: बरं बाबांनो, ओळ काढली. समाधान? पुढच्या बुधवारी ‘गुलामगिरी’, मराठीतून.

काणकोणची_वेलीप: काणकोणहून बुधवारी एकला पोचायचं तर रजा टाकावी लागते. शनिवार ठेवा.

भाटातला_माड: शनिवार मलाही चालेल. पण मुंडकार कायद्याचा विषय निघणार असेल तर मी कागद घेऊन येईन.

काणकोणची_वेलीप: आणा की. पंचाहत्तरच्या आधीचेही आणा.