चेहऱ्याच्या कळा, विजेच्या सुया आणि 'गोळ्या फेकून द्या' म्हणणारे

तापीकाठ: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'ट्रायजेमिनल न्युराल्जियाला (चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या कळांना) इलेक्ट्रोअ‍ॅक्युपंक्चरच्या (सुयांना वीज जोडण्याच्या) दहा बैठका घ्या, गोळ्या फेकून द्या.' वाचून डोकंच फिरलं. माझ्या आईने नेमकं हेच केलं. कार्बामाझेपिन एकदम बंद. पाचव्या दिवशी कळा अशा सुटल्या की पाण्याचा घोट उतरेना, भाकरी तर लांबच. ही गोळी १९६० च्या दशकापासून या दुखण्यावर पहिली दिली जाते. सोडायची तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. सुया लावा, पण गोळीच्या जोडीला.

अमळनेरकर: चार वर्षं गोळी खातोय, तिचं कौतुक मला सांगू नका. चक्कर, दिवसभर गुंगी, एकदा सोडियम इतकं उतरलं की दवाखान्यात भरती. धुळ्याला सुया घेतो. अंगठा आणि तर्जनीच्या मधे हेगू बिंदूवर एक, बाकी गालावर, मग तारा जोडून मशीन. दिवसाला वीस कळा यायच्या, आता चार-पाच. डॉक्टरांनीच गोळी अर्धी केली.

भुसावळची लेक: म्हणजे गोळी चालूच आहे ना दादा! आणि हे दुखणं मधेच महिनोन्‌महिने आपोआप शांत होतं, ते श्रेय सुयांना कसं द्यायचं? चीनमधल्या बऱ्याच चाचण्या लहान, सुई खरी की खोटी हे रुग्णाला कळणाऱ्या.

अमळनेरकर: बीजिंगचे संशोधक हान जिशेंग यांनी दाखवलंय, सुयांमधली वीज २ हर्ट्झला ठेवली की मेंदूत एक वेदनाशामक द्रव्य सुटतं, १०० ला दुसरं. थोतांड म्हणू नका.

भुसावळची लेक: थोतांड कोण म्हणालं? पण या दुखण्यात बहुतेकदा रक्तवाहिनी मज्जातंतूच्या मुळावर दाब देते. सुईने ती बाजूला होत नाही, त्याला ऑपरेशनच लागतं.

पारोळ्याचे नाना: सुया-गोळ्या राहू द्या, माझ्या तीन दाढा गेल्या त्याचं बोला. 'गालमा ईज चमकस' म्हणून सांगत होतो, तरी एकामागून एक उपटल्या. तिसरी काढली, त्याच रात्री तीच कळ! आता शेवभाजी खायची तर एका बाजूने.

फैजपूरचा दंतवैद्य: नाना, वाईट झालं. पण सगळ्यांना एका माळेत ओवू नका. एक्स-रे स्वच्छ असला तरी 'काढाच' म्हणून हटून बसणारे पेशंट मी रोज पाहतो.

पारोळ्याचे नाना: हटून बसलो म्हणे! कळ सुटलेला माणूस घर विकायलाही तयार होतो डॉक्टर. नाही म्हणणं तुमचं काम.

भुसावळची लेक: नानांचं बरोबर आहे. काकूंच्या दोन गेल्या. वारा लागला, ब्रश टेकला की काही सेकंदांची वीज, मधे काहीच नाही. हे दाताचं नव्हे, हे कुणी विचारलंच नाही.

फैजपूरचा दंतवैद्य: मान्य. त्या खुणा दिसल्यावर दाढेला हात लावायचा नाही, आधी न्यूरोकडे (मज्जातंतूंच्या डॉक्टरकडे) पाठवायचं. माझ्याकडूनही एकदा उशीर झालाय.

तापीकाठ: विषय सुयांचा होता. अमळनेरकर, गोळी बंद करायला सांगत नसतील तर धुळ्याचा पत्ता द्या. आईला पेसमेकर आहे, चालेल का?

अमळनेरकर: मग मशीन अजिबात लावू नका, दंतवैद्य म्हणतात तसं आधी न्यूरोला दाखवा. पत्ता देत नाही.