मदत हवी आहे: टोकियोत रोलेक्स जीएमटी-मास्टर २ (निळ्या-काळ्या कड्याचं घड्याळ) कसं मिळवायचं?

निशिकासाईकर
मंडळी, सप्टेंबरपासून जवळपास प्रत्येक शनिवार गिन्झा, निहोम्बाशी, शिंजुकु इथली रोलेक्सची दुकानं फिरण्यातच जातोय. दर वेळी तेच. आपण घड्याळाचं नाव घेतो, माणूस 'बघून येतो' म्हणून आत जातो, दोन मिनिटांनी बाहेर येतो, कमरेत वाकून माफी मागतो आणि सांगतो की आज नाही. यादीत नाव घाला म्हटलं तर यादी नसते. फोन करू का विचारलं तर फोनवर सांगत नाहीत. ज्यांना मिळालंय त्यांनी कृपया सांगा: कोणता भाग, कोणता वार, किती वाजता, आणि काय बोललात? मार्चच्या आत हवं आहे. दुसरा ब्रँड सुचवू नका, ठरलेलं आहे.

काटेकोर
निळ्या-काळ्यात दोन पट्टे येतात. २०१९ साली पाच कड्यांच्या ज्युबिली पट्ट्यावर आलं, २०२१ पासून तीन कड्यांच्या ऑयस्टरवरही मिळतं. तुम्हाला कोणतं? आणि दुकानात नेमकं काय सांगता? 'जीएमटी आहे का' एवढंच विचारलंत तर 'नाही' हेच उत्तर येणार. मॉडेलचा पूर्ण क्रमांक, पट्टा, कशासाठी हवं, सगळं सांगा.

निशिकासाईकर
ज्युबिली. पण ऑयस्टर मिळालं तरी घेईन.

दुबईचा_पक्या
भाऊ, असं रोज जाऊन काही होत नाही. एकच दुकान धरा, एकच सेल्समन धरा. आधी बायकोसाठी एखादं रोलेक्स डेटजस्ट घ्या, थोडे दागिने घ्या, ओळख वाढवा. मला रोलेक्सचं सबमरिनर असंच मिळालं. आपल्याकडे लक्ष्मी रोडला सराफ जसा घराण्याला ओळखतो तसंच असतं हे.

काटेकोर
पक्या, दुबईचं दुबईला. जपानात लोक एकामागून एक दुकानं फिरतात, त्याला तिथे 'रोलेक्स मॅरेथॉन' असंच नाव पडलंय. त्यात ओळख नसलेल्या माणसालाही घड्याळ मिळतं. मला ओसाकात असंच मिळालं, मंगळवारी दुपारी, ऑफिसला अर्धी सुट्टी टाकून. शनिवारी सगळं शहर रांगेत असतं, तेव्हा वार बदला. काही दुकानांत आता आधी वेळ घ्यावी लागते, तेही बघून ठेवा.

दुबईचा_पक्या
एकदा मिळालं म्हणजे पद्धत झाली का? तो योग होता. माझं सांगणं अनुभवाचं आहे.

मधुरा_ना
तुमचा वाद चालू द्या, पण मला मूळ गोष्ट कळली नाही. जीएमटी भारताची वेळ बघायला हवं आहे का? तसं असेल तर घेण्याआधी हे वाचा. टोकियोत दुपारचे १२ वाजतात तेव्हा पुण्यात सकाळचे साडेआठ असतात. या घड्याळात दुसऱ्या ठिकाणच्या वेळेसाठी चोवीस तासांचा वेगळा काटा आहे, पण मिनिटकाटा एकच आहे. तासकाटा चावीने पुढेमागे होतो तो एकेका तासाच्या उडीने, आणि बाहेरचं कडंही तासाच्याच टप्प्याने फिरतं. म्हणजे तीनाचा फरक लावता येईल, चाराचा लावता येईल, साडेतीनाचा नाही. न्यूयॉर्क-लंडनवाल्याला जे घड्याळ चोख चालतं ते आपल्याला कायम अर्धा तास चुकवणार. आपली वेळ साडेपाच तासांची आहे हे ही घड्याळं करणाऱ्यांच्या हिशेबातच नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. व्हॅशरॉन कॉन्स्टन्टिन या स्विस कंपनीचं ओव्हरसीज वर्ल्ड टाइम ३७ टाइम झोनच्या वेळा दाखवतं, अर्ध्या तासाच्या धरून, पण त्याची किंमत बघून गप्प बसावं लागतं. साध्या कॅसिओत दिल्ली निवडली की काम होतं.

निशिकासाईकर
मधुराताई, हे माहीत आहे. अर्धा तास मनात धरतो, सात वर्षांची सवय आहे. आणि मला उलटं हवंय. मार्चमध्ये करार संपतोय, कायमचे पुण्याला चाललोय. तिथे टोकियोची वेळ हातावर राहावी म्हणून हवं आहे. निळा अर्धा दिवसाचा, काळा रात्रीचा, तिकडे लोक आता जेवत असतील की झोपले असतील ते बघताच कळावं, एवढंच.

काटेकोर
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतंत! परत जाताय हे दुकानात सांगितलंत का?

ग्रॅन्डसेकोप्रेमी
नको म्हणालात तरी सांगतो. जपान सोडताना आठवण म्हणून स्विस घड्याळ कशाला? गिन्झात जा, जपानी ग्रँड सेकोचं एसबीजीएम२२१ मागा. ३९.५ मिमी, पांढरट तबकडी, निळा जीएमटी काटा, पूर्ण चावी भरली की ७२ तास चालतं. तुमचं रोलेक्स ७० तास. धावपळ नाही, माणसं नीट बसवून दाखवतात.

मधुरा_ना
तेही तासाच्याच उडीने चालतं, अर्धा तास तिथेही बोंबललाच.

ग्रॅन्डसेकोप्रेमी
पण तबकडी बघा हो एकदा उन्हात!

आठवणीतला_सातारा
जपान आणि घड्याळ म्हटल्यावर राहवलं नाही. एचएमटीचा बंगळुरूचा कारखाना १९६१ साली जपानच्या सिटिझनबरोबरच सुरू झाला. आमच्या आजोबांचं 'जनता' अजून चालतंय. रोज सकाळी चहाच्या आधी चावी द्यायचे, अंगठ्याने, घट्ट लागेपर्यंत आणि त्यापुढे एक फेराही नाही. त्या चावीच्या कडा त्यांच्या अंगठ्याने गुळगुळीत झाल्यात. २०१६ ला सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायचं ठरवलं ते फार चुकलं.

कोथरूडचा_सीए
भारतात १० लाखांवरचं मनगटी घड्याळ घेतलं तर २२ एप्रिल २०२५ पासून १ टक्का टीसीएस (दुकानदाराने विक्रीच्या वेळी घ्यायचा आयकर) लागतो. विवरणपत्रात तो वजा मिळतो, त्यामुळे घाबरू नका. शिवाय एफ्टा (स्वित्झर्लंड धरून चार युरोपीय देशांचा गट) बरोबरचा भारताचा व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ ला लागू झाला, स्विस घड्याळांवरची ड्यूटी टप्प्याटप्प्याने उतरेल. थांबलात तर पुण्यातच घेता येईल.

काटेकोर
सीए साहेब, ते टोकियोत घेतायत. त्यांना कस्टमचं सांगा.

कोथरूडचा_सीए
हातात घातलं म्हणून सुटत नाही. बिल जवळ ठेवा, विमानतळावर रेड चॅनलला (सामान जाहीर करायच्या रांगेत) जा. इतकी वर्षं बाहेर राहून कायमचे परतताय, तर ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्सच्या सवलतीत काय बसतं ते निघण्याआधी तपासा.

शिंजुकुची_सुनंदा
निशिकासाईकर, एक विचारू? गेल्या वर्षभरात तुमच्या नावावर जपानात कुठलं रोलेक्स घेतलंय का? २०१९ च्या नोव्हेंबरपासून नियम आहे. ठरावीक मॉडेलपैकी एक घेतलं की दुसरं ठरावीक मॉडेल वर्षभर मिळत नाही, आणि तेच मॉडेल पाच वर्षं नाही. म्हणून तर ओळखपत्र मागतात.

निशिकासाईकर
मे महिन्यात सबमरिनर घेतलं होतं. पण ते धाकट्या भावाला लग्नात दिलं, माझ्याकडे नाही. तेही धरतात का?

शिंजुकुची_सुनंदा
धरतात. कोणाला दिलंत याच्याशी दुकानाला देणंघेणं नाही, विकत कोणी घेतलं ते बघतात. मे महिन्यापर्यंत तुमच्या नावावर जीएमटी निघणार नाही, आणि तुम्ही मार्चला चाललात. शनिवार वाया घालवू नका.

दुबईचा_पक्या
बायकोच्या नावावर घ्या ना मग.

निशिकासाईकर
ती मुलाच्या शाळेसाठी जूनलाच पुण्याला गेली. आणि खोटं नाव लावून घ्यायचं नाही.

शिंजुकुची_सुनंदा
मग नाकानो ब्रॉडवे, टोकियोतलंच दुकानांचं संकुल. वरच्या मजल्यांवर जुन्या घड्याळांची दुकानं एकाला एक लागून आहेत, न वापरलेली घड्याळंही मिळतात. छापील किमतीहून जास्त मोजावे लागतील, पण दहा-बारा निळी-काळी शेजारी शेजारी ठेवून निवडता येतात.

काटेकोर
वरचे पैसे दलालाला द्यायचे हे मला तत्त्वतः पटत नाही. हे लोक विकत घेतात म्हणूनच दुकानात मिळत नाही.

शिंजुकुची_सुनंदा
तत्त्व बरोबर आहे, पण त्यांच्याकडे दुसरा मार्ग कोणता? मे महिना काही मार्चच्या आधी येत नाही.

निशिकासाईकर
नाकानोला जातो. घेताना काय बघू?

शिंजुकुची_सुनंदा
काचेच्या आतल्या धातूच्या कडेवर, सहाच्या बाजूला, क्रमांक कोरलेला असतो. तो आणि हमीपत्राच्या हिरव्या कार्डावरचा क्रमांक जुळला पाहिजे. भिंग मागा, देतात. कार्डावरची विक्रीची तारीख बघा, पाच वर्षांची हमी तिथून मोजतात, त्यामुळे अलीकडची तारीख असलेलं शोधा. चोवीस तासांचा काटा आणि मिनिटकाटा बारावर एकत्र येतात का तेही पाहून घ्या. पट्ट्याच्या काढलेल्या कड्या मागून घ्यायला विसरू नका, त्या मागाहून घ्यायच्या तर महाग पडतात. शनिवारी अकरानंतर मी तिथेच असते, हवं तर मेसेज करा.