डाइक्स्ट्रा निवृत्त झाला म्हणे!

तिरकस: डाइक्स्ट्रा म्हणजे सर्वात जवळचा मार्ग शोधायचा जुना अल्गोरिदम, काढणाऱ्याच्याच नावाचा. कालच्या धाग्यातलं वाक्य: '2025 मध्ये डाइक्स्ट्रा हरला, आता नकाशे झपाट्याने मार्ग देतील, जुनं शिकवणं बंद करा.' चहा नाकात गेला. त्याला मागे टाकणाऱ्या नव्या अल्गोरिदमचा तो निकाल मोठाच आहे, वाद नाही. पण तो एका नोडपासून (नकाशावरचा चौक समजा) सगळ्या नोडपर्यंतच्या अंतरांचा. मला फक्त दादर ते ठाणे हवंय, सगळा भारत नको! रस्त्यांचं काम 2008 मध्येच झालं, कार्ल्सरूहच्या मंडळींच्या कॉन्ट्रॅक्शन हायरार्कीजने. बिनमहत्त्वाचे नोड आधी गाळा, जागी शॉर्टकट टाका, मग दोन्ही टोकांकडून फक्त वर, जास्त महत्त्वाच्या नोडकडे, चढत या. पश्चिम युरोपचे 1.8 कोटी नोड. डाइक्स्ट्राला सेकंद लागतात, याला मिलिसेकंदही पुष्कळ.

हीपवाला: ते वाक्य माझंच. आणि आधीची तयारी कोण मोजणार? वजनं, म्हणजे रस्त्यांना लागणारा वेळ, बदलली की शॉर्टकट परत बांधा.

रातराणी: अगदी! आमच्याकडे डिलिव्हरीसाठी हेच होतं. शॉर्टकट बांधायचं काम रात्रीच चालायचं. दुपारी पूल बंद झाला, आम्ही गाड्या पाठवतच राहिलो. ड्रायव्हरचा फोन: "मॅडम, तुमचा शॉर्टकट नदीत जातोय."

तिरकस: म्हणूनच 2011 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी नकाशाचे तुकडे एकदाच पाडून ठेवले. वजनं बदलली तर तुकड्यांच्या सीमांवरची अंतरं तेवढी नव्याने काढायची, काही सेकंदांत. तुमच्या टीमने जुनंच वापरलं, त्याला अल्गोरिदम काय करणार?

रातराणी: 'तुमच्या टीमने' म्हणायला काय जातं? टीम म्हणजे मी आणि एक इंटर्न.

बाराखडी: आधी नाव नीट लिहा. डच उच्चार डेइक्स्त्राच्या जवळचा.

हीपवाला: नावाचं काढू नका! मुलाखतीत 'डिजिक्स्ट्रा' म्हणालो, समोरचे दोघे फिदीफिदी हसले. पुढचा पाऊण तास फळ्यावर हीप (पुढचा सर्वात जवळचा नोड चटकन काढून देणारी रचना) लिहीत होतो, घामाने मार्कर निसटत होता. आणि डाइक्स्ट्राने तो अल्गोरिदम 1956 मध्ये अॅम्स्टरडॅमच्या कॅफेत, होणाऱ्या बायकोबरोबर कॉफी पिताना, कागद-पेन्सिलीशिवाय वीस मिनिटांत काढला.

बाराखडी: आणि छापला 1959 मध्ये. उच्चार चुकला म्हणून नाही, हीप चुकला म्हणून नापास केलं असेल.

हीपवाला: तुम्ही होता का तिथे? हीप बरोबर होता!! पुढे नोकरीत एकदाही लिहावा लागला नाही, ते वेगळं.

तिरकस: म्हणून 'शिकवणं बंद करा' होय? आता कळलं दुखणं कुठलं.

हीपवाला: बरं, 'नकाशे झपाट्याने' खोडलं. खूश? 'शिकवणं बंद करा' राहणार.

रातराणी: तो पूल मागच्या आठवड्यात उघडला. आमच्या नकाशात अजून बंदच आहे.