मदत हवी आहे: कॅम्पर ट्रेलर पावसाळाभर फळ्यांवर कसा उभा ठेवावा? (जांबोटी भाग)

मंडळी, नमस्कार. जांबोटीजवळ आमची वडिलोपार्जित जमीन आहे. घर बांधायचं म्हटलं तर उताऱ्यावर सात नावं, त्यामुळं तो विषय आमच्याकडं कुणी काढत नाही. म्हणून मी एक सेकंडहँड कॅम्पर ट्रेलर घेतला. एका ॲक्सलचा, दोन चाकांचा, सामानासकट साधारण ९०० किलो. वडील त्याला 'चाकाचं खोपट' म्हणतात, पण शनिवारी सगळ्यांच्या आधी तेच जाऊन बसतात.

मे महिन्यात तो भाताच्या खाचराशेजारी, बांधाला लागून उभा केला. चाकांखाली सेंट्रिंगच्या दीड इंची फळ्या टाकल्या, पुढच्या जॅकखाली एक तुकडा ठेवला, चारी कोपऱ्यांचे पाय खाली सोडले आणि हँडब्रेक ओढून बेळगावला परतलो. पुढं कणकुंबीकडून पाऊस लागला की काय होतं ते इकडच्यांना सांगायला नको.

गणपतीनंतर गेलो तर डाव्या चाकाखालची फळी उभी चिरलेली, तीन इंच मातीत गेलेली. टायर अर्धा फळीवर, अर्धा चिखलात. दार लागेना. ट्रॅक्टरनं ओढलं तर उजवं चाक फिरेचना, नुसतं घसरत आलं. फळी उलटली तर खाली वाळवी. शेजारचे काका म्हणाले, "सेंट्रिंगची फळी ती, तिचं पीठ हुणारच की!"

मला वर्षभर तो तिथंच ठेवायचाय, महिन्यातून आठ-दहा दिवस राहायचंय. सागाच्या जाड फळ्या घेऊ का? रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर चालतील का? की सरळ चिरे बसवून टाकू? काँक्रीट नको, त्यावरून पुन्हा भाऊबंदकी सुरू होईल.

प्रतिसाद १
उद्यमबागेत माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, म्हणून आधी हिशेब. ९०० तले ९० किलो पुढच्या कपलिंगवर, म्हणजे ट्रेलर गाडीला अडकवतो त्या टोकावर धरा. उरले ८१०, म्हणजे चाकाला ४०५. हवा ३६ पौंड असेल तर दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो दाब, म्हणजे चाक टेकतं ते जेमतेम १६० चौरस सेंटिमीटरवर. तळहाताएवढी जागा! एक फूट बाय दोन फुटांची फळी तोच भार अकरापट जागेवर पसरते, पण वाकली नाही तरच. दीड इंची एकटी फळी मऊ मातीवर वाकणार आणि चिरणार. दोन थर घ्या, वरचा खालच्याला आडवा, आणि टायरची पूर्ण रुंदी फळीच्या आत बसली पाहिजे.

दुसरं, कोपऱ्यांचे पाय ट्रेलर डुलू नये म्हणून असतात, भार उचलायला नव्हे. चाक खचलं, भार त्या पायांवर आला, चासी पिळली, म्हणून दार अडकलं. आधी डावं-उजवं फळ्यांनी लेव्हल करा, मग ओढणारी गाडी सोडवा, मग पुढच्या जॅकनं पुढं-मागं. पाय सगळ्यात शेवटी, नुसते टेकवायचे.

आणि खाचराजवळून उठा हो! माळावर या. सहा इंच मुरूम धुम्मस करून, थोडा उतार देऊन, त्यावर चिरे आणि मग फळ्या. लाकूड मातीला लागलं नाही की वाळवीला वाटच लांबची पडते, आणि आली तर चिऱ्यावर तिची मातीची रेघ दिसते.

प्रतिसाद २
चाक अडकलं ते हँडब्रेकमुळं. ओल्या हवेत चार महिने ब्रेक ओढून ठेवला की लायनर ड्रमला गंजून चिकटतात. लांब मुक्कामाला ब्रेक मोकळा ठेवा आणि दोन्ही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. अधूनमधून चाक पाव फेरा फिरवा, नाहीतर टायर एकाच जागी चपटा होतो. बाजूवरचा चार आकडी नंबरही बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३वा आठवडा. सेकंडहँड ट्रेलरचे टायर दिसायला नवे असतात, वयानं म्हातारे.

फळ्यांना जळकं ऑइल फासणार असाल तर वरच्या बाजूला नको, रबर खराब होतं.

प्रतिसाद ३
सागावर पैसे कशाला? जांभळाचं लाकूड बघा. पूर्वी विहिरीच्या तळाला तेच घालायचे, पाण्यात कुजत नाही म्हणून.

धागाकर्ता
सर्वांचे आभार. हँडब्रेकचं वाचून कपाळावर हात मारला, मी ट्रॅक्टरवाल्याला बोल लावला होता! टायरवर १११४ निघालं, म्हणजे तेही बदलायचे. माळावरची जागा वडिलांनाही पटली, तिथून गावातला रस्ता दिसतो एवढंच त्यांचं कारण. मिरगाच्या आधी मुरूम टाकून घेतो. आता एकच: दोन इंची जांभळाच्या फळ्या खानापूर किंवा बेळगावच्या वखारीत तयार मिळतात, की ओंडका घेऊन कापून घ्यावा लागेल?